खंडेनवमीचे बंद डबे

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, उमरेडच्या विणकर घरातले. आजोबांचे माग होते, वडिलांचे होते, ह्यांच्या वाट्याला मात्र सरकारी कचेरीतली खुर्ची आली आणि तिच्यावर बसूनच ते निवृत्त झाले. तरी मागाच्या घरातली एक गोष्ट त्यांच्या अंगातून गेली नाही. खंडेनवमीला अवजार थांबलंच पाहिजे. त्यांच्या लहानपणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी माग बंद व्हायचा, सांध्यासांध्यातली सुताची पिंज कुंचल्यानं काढली जायची, सूत इकडून तिकडे नेणारे धोटे पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडले जायचे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी बोट लावायचं नाही. वर्षभर खटखटणारं घर त्या दिवशी इतकं शांत व्हायचं की माणसं आपोआप हळू बोलायची, असं ते दर दसऱ्याला सांगतात. आणि मी दर दसऱ्याला विचारते, मग एवढ्या शांततेत तुमचं घोरणं कसं काय खपवून घ्यायचे? मेहुणीचा हक्क आहे तो, मी सोडत नाही.

ताई वाचा-उपचार करते. ज्या मुलांना बोलता येत नाही, किंवा बोलणं उशिरा येतं, त्यांच्यासाठी तिचं एक छोटंसं केंद्र आहे. अमरावती रोडवर, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावरच्या भाड्याच्या तीन खोल्या. खाली दिवसभर ट्रक मागेपुढे होत असतात. बोलायला शिकवण्यासाठी याहून वाईट जागा सापडणं कठीण, पण भाडं परवडतं आणि काटोल-नरखेडकडून येणाऱ्या आयांना उतरून फार चालावं लागत नाही, म्हणून ती तिथेच टिकली.

भाऊजी निवृत्त झाले आणि घरात ताईच्या पायात पायात येऊ लागले, तेव्हा तिनं त्यांना केंद्रावर नेऊन बसवलं आणि तिथल्या कॉम्प्युटरची राखण त्यांच्याकडे दिली. माझा धंदा कॉम्प्युटरचाच, एका कंपनीचे डेटाबेस सांभाळते, घरूनच. त्यामुळे अडलं की फोन मला. पण खरं सांगायचं तर माणूस लवकर शिकला. वाचून, विचारून, इंटरनेटवर शोधून. कचेरीत आयुष्यभर फायली नीट लावल्या होत्या, तीच शिस्त इथे कामी आली.

आता त्या मुलीबद्दल. ती नरखेड तालुक्यातल्या एका गावची, बापाची संत्र्याची बाग. पहिल्यांदा आली तेव्हा फ्रॉकमध्ये होती, आता वेणी घालते. तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, तुमच्या-माझ्यापेक्षा चार गोष्टी जास्तच कळतात, पण जन्माच्या वेळी काहीतरी बिघडलं आणि जीभ, ओठ तिचं ऐकत नाहीत. अशा मुलांसाठी टॅबलेटवर एक पाटी असते. पडद्यावर चौकोन, प्रत्येकात चित्र आणि शब्द. चौकोन दाबला की टॅबलेट तो शब्द बोलतो. बाकीच्या मुलांनी त्यातला तयार आवाज घेतला. हिनं एकदा दाबलं, तो रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखा बाईचा आवाज ऐकला, आणि टॅबलेट दूर सारला. ताईनं महिनाभर डोकं आपटलं. शेवटी भाऊजींच्याच लक्षात आलं की तिच्या घरात असं कुणी बोलतच नाही.

मग तिच्या धाकट्या बहिणीला आणलं. मागच्या खोलीत बसवून तिच्या आवाजात एकेक शब्द भरला. मले. पानी. नोको. अंगणातल्या कुत्रीचा फोटो, मोटारपंपाचा फोटो, आजीच्या चष्म्याचा फोटो. "का" असा शब्द होता तो काढून तिथे "काहून" घातलं, आणि ते म्हणताना खाली ट्रकवाल्यानं नेमका हॉर्न मारला. पुन्हा भरू, असं ताई म्हणाली, पण मुलीनं हात धरला. तिला तो तसाच हवा होता. तेव्हापासून ती जेव्हा जेव्हा काहून विचारते, तेव्हा मागे वाडीचा ट्रक वाजतो.

एकच चौकोन बहिणीच्या आवाजात नाही. मुलगी चुकीचा चौकोन दाबायची तेव्हा भाऊजी तिला कधी "चुकलं" म्हणाले नाहीत. ते फक्त म्हणायचे, "पुन्हा." ना कपाळाला आठी, ना शाबासकी, नुसतं पुन्हा. एक दिवस तिनं माईक त्यांच्यासमोर सरकवला. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात तो शब्द आहे, भाऊजींच्या घोगऱ्या आवाजातला.

वर्षानुवर्षं ती पाटी वाढत गेली. कुठला चौकोन कुठे, हे तिच्या बोटांना पाठ आहे. आपण बोलताना शब्द शोधत नाही, तशी तीही शोधत नाही. भांडताना तर तिची बोटं दिसतसुद्धा नाहीत.

हे सगळं राहतं केंद्रावरच्या सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे कुणीतरी देणगी दिलेला एक जुना कॉम्प्युटर. मुलांचे टॅबलेट घरी असले तरी इंटरनेटवरून त्याच्याशी जुळतात, आणि सर्व्हरवर जे असेल तेच टॅबलेटवर दिसतं. ही मांडणी एका हौशी मुलीनं करून दिली होती, ती पुढे नोकरीसाठी हैदराबादला गेली. तिनं सगळं कंटेनरमध्ये ठेवलं होतं. कंटेनर म्हणजे डबाच. एकेका प्रोग्रॅमला लागेल ते सगळं एकेका डब्यात भरायचं, म्हणजे शेजारच्याशी त्याचं भांडण होत नाही. डबा फेकून नवा आणला तरी बिघडत नाही, कारण खरा माल डब्यात नसतोच. तो बाहेर वेगळ्या फळीवर असतो आणि डबा त्या फळीला जोडलेला असतो. एक डबा शब्दांचा, म्हणजे डेटाबेसचा. दुसरा फोटो आणि आवाजांचा. दोघांच्या दोन फळ्या.

जुनी मशीन, जागा कमी. म्हणून भाऊजी दर महिन्याला सफाई करत. त्यासाठी एक आज्ञा आहे. ती दिली की मशीन विचारते, जे डबे बंद पडलेले आहेत आणि ज्या फळ्यांना कुठला डबा जोडलेला नाही, ते सगळं काढून टाकू का? भाऊजी "हो" म्हणत. काही बिघडत नसे, कारण आपले दोन्ही डबे कायम चालू असत. चालू डब्याला ती आज्ञा हात लावत नाही.

मागच्या दसऱ्याला सकाळी मी श्रीखंडात वेलदोडा कुटून घालत होते, तेव्हा भाऊजींचा फोन आला. आवाज ओळखू येईना. सर्व्हर चालू केला आणि केंद्रावरच्या सगळ्या टॅबलेटांवरच्या पाट्या त्यांच्या डोळ्यांसमोर रिकाम्या होत गेल्या, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आधी सर्व्हरची इंटरनेटची वायर उपटा, आत्ताच्या आत्ता, मग बोला. वायर उपटल्याचा आवाज मला फोनमध्ये ऐकू आला.

मी वाडीला पोचले तेव्हा गोदामं बंद होती. ट्रक धुऊन, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभे होते. वर खोलीत सर्व्हरलाही माळ होती. त्याच्यावर कुंकवाचं बोट, शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क, तिच्यावरही कुंकवाचं बोट. ताई खुर्चीत हाताची घडी घालून बसली होती आणि भाऊजी उभे होते, जणू कचेरीत साहेबानं बोलावलंय.

काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. आदल्या दिवशी खंडेनवमी. भाऊजींनी सर्व्हरचं काम थांबवलं, म्हणजे दोन्ही डबे बंद केले. अवजार आहे, एक दिवस विसावा. मग पूजेआधी सफाई, जशी मागाची व्हायची. बाहेरून फडक्यानं पुसून झालं आणि आतलीही पिंज काढावी म्हणून त्यांनी ती महिन्याची आज्ञा दिली. मशीननं विचारलं, बंद असलेलं सगळं काढू? त्यांनी नेहमीप्रमाणे "हो" म्हटलं. त्या दिवशी बंद सगळंच होतं. डबे गेले, डबे गेल्यावर फळ्या बेवारस ठरल्या, त्याही गेल्या. त्यांनी स्वच्छ झालेल्या मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि समाधानानं घरी गेले. दसऱ्याला सकाळी मुलांसाठी ती लवकर सुरू करून द्यावी, एवढ्यापुरती त्यांनी मागाच्या नियमाला मुरड घातली होती. सुरू केल्यावर नवे, कोरे डबे उघडले.

मी चिडले. प्रश्न न वाचता "हो" म्हणणाऱ्या माणसांचा मला मुळातच राग येतो, माझं अर्धं आयुष्य त्यांचं निस्तरण्यात गेलं आहे. जगातल्या कुठल्याही माणसाच्या हातून ही चूक झाली नसती, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यासाठी सर्व्हरची पूजा करणारा माणूस लागतो.

ते काही रागावले नाहीत. माळेकडे बघत म्हणाले, "बंद म्हंजे आराम करून राहिले होते वं ते. मेले थोडीच होते."

मशीनला विसावा माहीतच नाही. चालू नाही ते निकामी, एवढंच तिला कळतं, आणि त्यांच्या सगळ्या घराण्याला नेमकी उलटी गोष्ट शिकवलेली होती. मी पदर खोचला आणि बसले.

बॅकअप होता. हार्ड डिस्कवर शब्दांच्या डेटाबेसची ताजी नक्कल मिळाली आणि तिघांच्याही जिवात जीव आला. नवा डबा उघडून मी ती त्यात भरली. सुरुवातीला डबा जोडणीच घेईना, तो अजून आपली मांडामांड करत होता, थोडं थांबल्यावर घेतली. मग पाटी उघडली तर सगळ्या चौकोनांत नुसती प्रश्नचिन्हं. शब्द जितका लांब तितकी प्रश्नचिन्हं. ताईनं तोंडाला पदर लावला. पण हा आजार माझ्या ओळखीचा होता. नक्कल उघडून पाहिली तर तिच्यात देवनागरी शाबूत होती, पानी, नोको, काहून, सगळं. जुन्या डब्याला मराठी अक्षरं कशी घ्यायची ते सांगून ठेवलेलं होतं, नव्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यानं न कळणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह मांडलं. सगळं पुसून, अक्षरांची ओळख करून देऊन पुन्हा भरलं. शब्द आले.

भाऊजींनी पुढे होऊन नरखेडच्या मुलीची पाटी उघडली आणि "पानी" दाबलं. काही झालं नाही. "मले" दाबलं. आवाज नाही, फोटोही नाही. राखाडी चौकोन आणि खाली शब्द, बस.

बॅकअप फक्त शब्दांचा होता. आवाजांची फळी वेगळी, आणि तिची नक्कल कधी घेतलीच जात नव्हती. हैदराबादच्या मुलीनं केलं नव्हतं, नंतर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बाकीच्या मुलांना त्यानं फरक पडत नव्हता, त्यांची चित्रं आणि तयार आवाज प्रोग्रॅमबरोबरच येतात. फटका बसला तो एकाच मुलीला, जिचं सगळं घरचं होतं. बहीण आता मोठी झाली, तिचा आवाज बदलला. पुन्हा भरता आलं असतं, पण मुलीनं ते आपलं मानलं असतं का, कुणास ठाऊक. ताई म्हणाली, तिच्या तोंडातली जीभ काढून दुसरी बसवल्यासारखं होईल ते.

आता एकच आशा उरली होती. आवाज तिच्या टॅबलेटवरही असतात. पण सकाळी भाऊजींनी कोरा सर्व्हर सुरू केला आणि माझ्या सांगण्यावरून वायर उपटली, त्या मधल्या वेळात तिनं टॅबलेट उघडला असेल, तर केंद्रावरच्यांसारखाच तोही रिकामा झाला असणार. आणि सणाची सकाळ. ज्या मुलीचं तोंडच ते आहे, ती उठल्या उठल्या ते उघडणार नाही तर काय करेल? बापाला फोन लावला, लागला नाही. आईचा बंद. ताई म्हणाली, चला.

माझ्या गाडीनं काटोलमार्गे गेलो. समोरून नागपूरकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं जीपा आणि बसगाड्या भरभरून येत होती, दीक्षाभूमीला निघालेली. भाऊजी मागच्या सीटवर लॅपटॉपची पिशवी मांडीवर धरून बसले होते. काटोल सोडल्यावर ते ताईला म्हणाले की आता त्या कॉम्प्युटरसाठी दुसरा माणूस पाहा, मी हात लावणार नाही. मी एरवी दहा टोमणे मारले असते, पण आरशात त्यांचा चेहरा दिसत होता.

मुलीच्या घरी पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं, मोटरसायकलला माळ घातलेली. बाप बागेतून नुकताच आला होता, तिथे रेंज नसते. आम्हाला असं सणाच्या दिवशी दारात बघून सगळे गोंधळले. मुलगी धावत आली, ताईला बिलगली, आपट्याची पानं हातात दिली. पण टॅबलेट तिच्या हातात नव्हता. गळ्यात अडकवायचा पट्टाही नव्हता. ताईनं आईला विचारलं, टॅबलेट कुठे आहे?

आईनं आत बोट दाखवलं. देवघरापुढे पाट होता. त्याच्यावर बापाचा मोटारपंपाचा पाना, आईचा विळा, फवारणीच्या पंपाची नळी, धाकटीचा कंपास. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, झेंडूचं फूल आणि अक्षता घेऊन, बंद टॅबलेट.

"तिनंच ठेवला जी," आई म्हणाली. "मी म्हनलं, अवं, मंग तू बोलशीन कशानं? तं तिनं बापाच्या पान्याकडे बोट केलं, अन् मंग याच्याकडे."

म्हणजे कालपासून ती गप्प होती. आपणहून. जिला इतक्या मेहनतीनं बोलणं मिळालं होतं, तिनं एक दिवस ते खाली ठेवलं होतं, कारण घरात प्रत्येकानं आपलं अवजार ठेवलं आणि तिच्याकडेही एक अवजार आहे. मला एकदम रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी टॅबलेट झडप घालून उचलावासाही वाटला.

मी हात पुढे केला. मुलीनं माझं मनगट पकडलं आणि मान जोरात हलवली. बाप म्हणाला, उचला जी, तुम्ही एवढ्या दुरून आल्या, देव काही म्हणत नाही. तिनं मनगट सोडलं नाही. दारातून भाऊजींचा आवाज आला. "राहू दे वं. तिचं बरोबर हाय. उत्तरपूजा व्हायची हाय अजून."

याच नियमापायी हे रामायण घडलं, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले, कारण तोच नियम आता पाटावर फुलं घेऊन बसला होता. सर्व्हरची वायर उपटलेली होती, घाई कसलीच नव्हती. घाई फक्त मला होती.

आम्ही थांबलो. जेवण झालं, संत्र्याच्या बागेतून फिरवून आणलं, गावातली माणसं सोनं देऊन गेली. मुलगी ताईला हातवारे करून सगळं सांगत होती, बोटांनी, भुवयांनी, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की पाटी नसतानाही ती किती बोलते. भाऊजी मात्र आत आलेच नाहीत. बाहेर ओट्यावर चपला घालून बसून राहिले. चहा आणला तर तिथेच घेतला. मुलगी दोन-तीनदा दारापर्यंत जाऊन त्यांच्याकडे बघून आली.

दिवेलागणीला बापानं आंघोळ करून उत्तरपूजा केली. अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि एकेक अवजार जागचं हलवलं. आपला पाना त्यानं कपाळाला लावून घेतला. आईनं विळा उचलला, धाकटीनं कंपास. मग सगळे मुलीकडे बघायला लागले. तिनं फूल बाजूला काढलं, टॅबलेट ओढणीच्या टोकानं पुसला आणि बटण दाबलं. पडदा उजळायला नेहमीइतकाच वेळ लागला असणार, पण मला तो संपेना.

पाटी होती. कुत्री होती, मोटारपंप होता, आजीचा चष्मा होता.

ती काय बोलते म्हणून आम्ही वाट बघत होतो. मला वाटलं सोनं घ्या म्हणेल, किंवा दिवसभर गप्प बसल्याचं काहीतरी. तिनं दाराकडे पाहिलं आणि तीन चौकोन दाबले.

"काका," धाकट्या बहिणीचा लहानपणचा आवाज म्हणाला. "बाहेर." आणि मग, मागे ट्रकच्या हॉर्नसकट, "काहून?"

नरखेडच्या त्या घरात वाडीचा हॉर्न वाजला आणि ताई रडायला लागली. भाऊजी उठून उंबऱ्यापर्यंत आले. तिथेच थांबले. मुलीनं पुन्हा तोच चौकोन दाबला. उत्तर घेतल्याशिवाय ती सोडत नाही, आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

"तुझे शब्द हरवले होते वं माझ्या हातून," ते म्हणाले. "तू हे पाटावर नसतं ठेवलं, तं गेलेच होते."

हे त्यांनी तिला मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, काही न लपवता. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग टॅबलेटकडे. तिचं बोट पाटीवरून खाली गेलं, कोपऱ्यातल्या चौकोनावर थांबलं.

"पुन्हा," भाऊजींचाच आवाज म्हणाला.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग चपला काढल्या, आत आले आणि माझ्याकडे हात पसरून टॅबलेट लॅपटॉपला जोडायची वायर मागितली. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि माझे हात मांडीखाली घेतले, कारण ते आपोआप पुढे जातात.

मुलगी त्यांना चिकटून बसली. टॅबलेटमधला एकेक आवाज ते लॅपटॉपवर उतरवायचे, मग लॅपटॉपवरून तो तिला ऐकवायचे आणि विचारायचे, हाच ना? सगळे एकदम घेता येतात, हे मी सांगितलं नाही. काहून आला तेव्हा हॉर्न नीट वाजतो का ते तिनं दोनदा ऐकलं. बाहेर कुणीतरी जेवायला हाका मारत होतं. ती "हो" म्हणून मान हलवेपर्यंत भाऊजी पुढचा आवाज घेत नव्हते.